विजयाची वाटणी

माझी आज्जी वळिवड्याची. कोल्हापूरच्या पूर्वेला, पंचगंगेच्या अंगाला असलेलं गाव. युद्धाच्या गोष्टी निघाल्या की तिची सुरुवात ठरलेली असायची. "गोरी हुती, पण सायेब न्हवती."

ती नऊ-दहा वर्षांची असताना गावच्या माळावर कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगा उठल्या आणि त्यांत हजारो गोरी माणसं येऊन राहिली. बाया, पोरं, म्हातारी माणसं. कर्ता पुरुष अभावानंच. तिचे वडील वांग्या-टोमॅटोची पाटी घेऊन तिकडं जायचे, मागोमाग ही अंड्यांची दुरडी सांभाळत. तोवर तिनं पाहिलेला गोरा माणूस म्हणजे मोटारीतला, नाहीतर घोड्यावरचा. इथली गोरी बाई मात्र उंबऱ्यात उकिडवी बसायची, एकेक अंडं उन्हाकडं धरून पारखायची आणि एका आण्यासाठी घासाघीस करायची. "आमच्यागतच की गं," आज्जी म्हणायची, आणि हे सांगताना तिला अजून नवल वाटायचं. त्या बायकांनी अंडी मोजताना म्हटलेले आकडे तिच्या कानात राहिले होते. वयाच्या ऐंशीव्या वर्षी तिनं मला ते म्हणून दाखवले होते.

ती पोलंडची माणसं होती. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघ पूर्वेकडून. पूर्व भागातली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवली गेली. १९४१च्या जूनमध्ये हिटलर स्टॅलिनवर उलटला, तेव्हा कालचे कैदी आज दोस्त ठरले. त्यांना सोडलं, पुरुषांची फौज उभी करायला परवानगी दिली आणि ती फौज व तिच्यामागची बायका-पोरं १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडली. पुरुष लढायला गेले. बायका-पोरांतली पाचेक हजार माणसं १९४३ पासून वळिवड्याच्या माळावर आली.

दोस्त राष्ट्रांपैकी युद्ध खरं जिंकलं कुणी, हा प्रश्न कॉलेजात असल्यापासून माझा पिच्छा पुरवतोय. मित्रांशी रात्र रात्र वाद घातलेत. आकडे तोंडपाठ आहेत. पण हा प्रश्न मनात आला की पहिल्यांदा आठवतात त्या अंडी पारखणाऱ्या बायका. त्यांचा देश जिंकणाऱ्यांच्या यादीत होता, आणि तरीही त्या आमच्या माळावर होत्या.

१९४५च्या मे महिन्यात, युद्ध संपत असतानाच, फ्रान्समध्ये लोकमत चाचणी झाली होती. जर्मनीला हरवण्यात सर्वांत मोठा वाटा कुणाचा? शंभरातल्या ५७ जणांनी सोव्हिएत संघ सांगितलं, २० जणांनी अमेरिका, १२ जणांनी ब्रिटन. २००४ मध्ये फ्रान्समध्येच हाच प्रश्न पुन्हा विचारला, तर ५८ टक्के अमेरिका म्हणाले आणि सोव्हिएत संघ २० टक्क्यांवर आला. आकड्यांनी जवळजवळ जागाच बदलली. मला यातला पहिला आकडा जास्त विचार करायला लावतो. १९४५ला उत्तर देणाऱ्या फ्रेंच माणसानं अमेरिकी रणगाडे स्वतःच्या रस्त्यावरून जाताना पाहिले होते. सोव्हिएत सैनिक त्यानं एकही पाहिलेला नसणार. तरीही तो तसं म्हणाला, कारण चार वर्षं तो कुठली बातमी ऐकून श्वास सोडत होता, हे त्याला पक्कं आठवत होतं.

माझंही उत्तर तेच आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता देतो. जर्मन सैन्याचं कंबरडं सोव्हिएत संघानं मोडलं. मारल्या गेलेल्या जर्मन सैनिकांपैकी ढोबळमानानं चारातले तीन पूर्व आघाडीवर पडले. नॉर्मंडीचं उतरणं आपल्याला चित्रपटांमुळे ठाऊक असतं, ते ६ जून १९४४चं. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी बेलारूसमध्ये सोव्हिएत फौजांनी जी मोहीम उघडली, तिच्यात जर्मनीचा मध्य सैन्यगट दोन महिन्यांत मोडून पडला. ती आपल्याकडे कुणाला आठवत नाही. सोव्हिएत संघाची माणसं मेली सुमारे २ कोटी ७० लाख. अमेरिकेची चार लाखांच्या वर, ब्रिटनची साडेचार लाखांच्या आसपास.

२ कोटी ७० लाख हा आकडा मी कितीदा लिहिला असेल, पण मला तो कधी दिसला नव्हता. एकदा लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, जर्मनांनी घातलेल्या वेढ्याबद्दल वाचत होतो. ८७२ दिवसांचा वेढा. १९४१च्या २० नोव्हेंबरपासून महिनाभराहून जास्त काळ तिथं लहान मुलांना आणि घरी असलेल्या माणसांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा. बाकी जवळजवळ काही नाही. मी उठलो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर लादीतले पाव ठेवले. तीन पाव आणि वर एक तुकडा. आम्ही मिसळीबरोबर बसल्या बैठकीला खातो तेवढे. मग पुढं वाचलं, की तो पावही निव्वळ पिठाचा नव्हता. पीठ पुरेना म्हणून त्यात लाकडाचा लगदा घालत आणि सरकीची पेंड घालत. सरकीची पेंड. आमच्या गोठ्यात म्हशीला आंबवण घालतो तीच. तिचा वास माझ्या हाताला लहानपणापासून ओळखीचा आहे. बाहेर बर्फ, घरात सरपण नाही, आणि तो वास असलेला पाव एक आई सुरीनं तीन भागांत कापते आहे, सकाळ-दुपार-रात्र. त्या शहरातल्या पिस्कार्योव्स्कोये दफनभूमीत पाच लाखांच्या आसपास माणसं सामूहिक कबरींत आहेत. बहुतेक भुकेनं गेलेली, साधी शहरातली माणसं.

म्हणून कुणी रशियाच्या वाट्याला नाक मुरडलं तर मला राग येतो. पण आज मॉस्को ज्या सहजतेनं तो सगळा वाटा स्वतःच्या नावावर लावतं, त्याचाही येतो. ते मेलेले फक्त रशियन नव्हते. बेलारूसमध्ये चारातला एक माणूस गेला. युक्रेन दोनदा तुडवलं गेलं, एकदा जर्मन पुढं जाताना आणि एकदा मागं हटताना. कझाक होते, उझबेक होते, जॉर्जियन होते. शिवाय हिटलर आणि स्टॅलिन यांच्यातला ऑगस्ट १९३९चा करार विसरून कसं चालेल? पोलंडचे दोन तुकडे त्या कराराने झाले आणि जून १९४१ मध्ये हल्ला झाला त्या पहाटेपर्यंत सोव्हिएत धान्य आणि तेल जर्मनीकडं जातच होतं. वळिवड्याच्या बायकांना घरातून उठवणारे शिपाई सोव्हिएतच होते. ज्या राष्ट्रानं जर्मनीला सगळ्यांत जास्त मोडलं, त्याच राष्ट्रानं या बायकांचं घर मोडलं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मला दोन्ही बरोबर घेऊनच चालावं लागतं.

आता अमेरिका. अमेरिकेच्या मदतीचा विषय निघाला की आमच्यातले काही मित्र लगेच हात झटकायचे, "पैसेवाल्यांनी सामान पाठवलं, त्यात काय!" सामान किती होतं ते तरी बघा. सोव्हिएत संघाला अमेरिकेनं चार लाखांहून जास्त ट्रक आणि जीप दिल्या. सुमारे १,९०० रेल्वे इंजिनं. दीड कोटी जोड बूट. विमानांचं इंधन, ॲल्युमिनियम, टेलिफोनच्या तारा, आणि डबाबंद मांस. यातलं बरंच सामान मुरमान्स्कच्या बर्फाळ समुद्रातून आणि इराणच्या वाळवंटातून गेलं. सोव्हिएत सैनिक त्या मांसाच्या डब्याला 'दुसरी आघाडी' म्हणत. फ्रान्समध्ये दुसरी आघाडी उघडायला दोस्तांनी १९४४ उजाडवलं, तोवर हा डबाच आला, असा त्यात टोमणा होता. मला त्या टोमण्यात उपकारही दिसतो, कारण डबा उघडून खाल्ल्याशिवाय टोमणा मारता येत नाही. मॉस्को वाचलं आणि स्टॅलिनग्राड टिकलं, तोपर्यंत या मदतीचा मोठा भाग यायचाच होता. ते प्राणांतिक टिकणं सोव्हिएत माणसांचंच. पण स्टॅलिनग्राडहून बर्लिनपर्यंत जी फौज धावली, ती मोठ्या प्रमाणावर अमेरिकी ट्रकांच्या चाकांवर धावली. पॅसिफिकमधल्या जपानविरुद्धच्या समुद्री युद्धाचा भार तर मुख्यतः अमेरिकेनंच उचलला.

ब्रिटनचा वाटा वेळेचा. फ्रान्स पडल्यापासून सोव्हिएत संघावर हल्ला होईपर्यंतचं ते एक वर्ष ब्रिटननं हार मानली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. 'एकट्यानं' हा त्यांचा शब्द मात्र मला पटत नाही. त्या वर्षी त्यांच्या आकाशात पोलंडचे वैमानिक लढत होते. ३०३ क्रमांकाच्या पोलिश स्क्वाड्रननं ब्रिटनच्या हवाई लढाईत नाव काढलं. जर्मनांचं एनिग्मा हे सांकेतिक यंत्र पहिल्यांदा फोडलं ते १९३२ मध्ये पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या गणितज्ञानं. जुलै १९३९ मध्ये, देश बुडायला पाच आठवडे उरले असताना, पोलिश लोकांनी वॉर्सापाशी ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना बोलावून ती सगळी विद्या देऊन टाकली. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या पोटात कोळसा टाकणाऱ्यांत आमच्या कोकणातले आणि गोव्यातले खलाशी होते. जहाजावर पाणतीर बसला की पहिलं पाणी शिरायचं ते तळाशी, तेच काम करत असत तिथं.

मोठ्या हिशेबात काही जमेना, की मी एक लहान जागा निवडतो. इटलीतलं मोन्ते कॅसिनो. रोमच्या दक्षिणेला एक डोंगर, माथ्यावर जुना मठ, खाली नदी आणि रोमकडं जाणारा रस्ता. १९४४च्या जानेवारीपासून मेपर्यंत तिथं चार लढाया झाल्या. जानेवारीत अमेरिकी सैनिक खालची नदी ओलांडायला गेले आणि कापले गेले. १५ फेब्रुवारीला अमेरिकी विमानांनी मठ जमीनदोस्त केला आणि ढिगाऱ्यात जर्मन आणखी पक्के बसले. त्याच दिवसांत न्यूझीलंडचे माओरी रेल्वे स्टेशनपर्यंत पोचले आणि त्यांना मागं फिरावं लागलं. चौथ्या भारतीय डिव्हिजनची माणसं डोंगराच्या उभ्या अंगाला चिकटून राहिली. मार्चमध्ये गुरखे मठाच्या अगदी खालच्या सुळक्यावर पोचले आणि दिवसेंदिवस तिथं अडकून पडले.

मेमध्ये शेवटचा घाव. ११ मेच्या रात्री आठव्या भारतीय डिव्हिजननं नदी ओलांडायला सुरुवात केली आणि गोळ्यांच्या माऱ्यात पूल टाकले, त्यावरून कॅनडाचे रणगाडे गेले. पलीकडच्या डोंगरांतून फ्रेंच सैन्यातले मोरोक्को-अल्जीरियाचे सैनिक वाट नसलेल्या कड्यांवरून जर्मनांच्या बगलेत उतरले. आणि मठाच्या तोंडावर सरळ चढले ते पोलिश. पहिला हल्ला फसला, दुसऱ्यांदा चढले. १८ मेच्या सकाळी ते ढिगाऱ्यात शिरले, तेव्हा बगल उघडी पडल्यामुळे बहुतेक जर्मन रात्रीच निघून गेले होते. मठावर पोलिश निशाण लागलं. कॅसिनो कुणी जिंकलं? निशाण बघितलं तर पोलंडनं. नकाशा बघितला तर डोंगरातून आलेल्या मोरोक्कोच्या माणसांनी. आणि नदीवरचा पूल नसता तर? प्रत्येकाचं उत्तर खरं आहे आणि दुसऱ्याला वगळून कुणाचंच पुरं होत नाही. पोलंडच्या स्वतःच्या दफनभूमीत तिथं हजाराहून जास्त कबरी आहेत. पूर्वेच्या तुरुंगांतून सुटून, इराण-इराक-पॅलेस्टाईन करत आलेले हे तेच पुरुष, ज्यांच्या बायका-मुली-बहिणी वळिवड्यात अंडी पारखत होत्या.

त्या आठव्या डिव्हिजनमध्येच मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ला, सेनिओ नदीवर याच बटालियनचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून मागं आणलं. मग परत जाऊन, हाताला गोळी लागलेली असताना हातबॉम्बनी मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना पुढं बोलावलं. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा जवान व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन जिवंत परतला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे परतले नाहीत. १० जुलै १९४४ला टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतला प्रत्येक जण पडला, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं लढले. वय बावीस. आपल्याकडं माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

भारतानं या युद्धात २५ लाखांचं सैन्य उभं केलं, त्यातले ८७ हजार कामी आले. पण कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, अशातली आपली गत. 'ब्रिटिश साम्राज्य' या नावाखाली आपली नोंद झाली. आणि त्या ८७ हजारांत न धरलेली माणसं तर त्याहून कितीतरी जास्त आहेत. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ थांबला. जपानी आलेच तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनं बंगालच्या किनाऱ्यावर दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा नावा काढून घेतल्या. ज्या मुलखात शेत, बाजार आणि मासळी सगळं नावेवर चालतं, तिथं! सैन्यासाठी खरेदी, छापलेल्या नोटा, चढलेले भाव, आणि मागूनही पुरेशी धान्याची जहाजं न देणारं लंडन. १९४३च्या त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. अमेरिका आणि ब्रिटन, दोघांचे मृत एकत्र केले तरी बंगालचे दुपटीहून जास्त भरतात. आणि एवढं होऊन, युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच भारताचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. म्हणजे उपाशी माणसानं सावकारी केली होती, त्याला न विचारता.

'ब्रिटनचा वेळ, अमेरिकेचं पोलाद, रशियाचं रक्त' असं एक वाक्य फिरत असतं. ऐकायला बरं वाटतं. पण भूक कुणाच्या नावावर टाकायची? लेनिनग्राडच्या भुकेला निदान स्मारक आहे, दरवर्षी तिथं फुलं वाहतात. बंगालच्या भुकेला कुणी वाटा म्हणत नाही.

चीनचंही असंच. आपण युद्ध १९३९ पासून मोजतो, चीनमध्ये ते जुलै १९३७ला सुरू झालं होतं. जपानी फौज अडवायला १९३८ मध्ये चीननं स्वतःच पीत नदीचे बांध फोडले, त्यात स्वतःचीच लाखो माणसं गेली. दीड ते दोन कोटी माणसं गमावून या देशानं जपानचं प्रचंड सैन्य आपल्या मातीत गुंतवून ठेवलं. ते मोकळं असतं तर ते कुठं गेलं असतं, हा प्रश्न मॉस्कोलाही पडायला हवा आणि दिल्लीलाही. हे आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण आपला एक माणूस तिथं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. बाकीचे परतले. कोटणीस आघाडीच्या मागं शस्त्रक्रिया करत राहिले, तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ला वारले. बत्तीस वर्षांचे होते. तेव्हा विजय कुठंच दिसत नव्हता. हाही वाटा कुठल्या देशाच्या खात्यात घालणार, ते मला सांगता येत नाही. भारत त्या दिवशी स्वतंत्र देश नव्हता, आणि ज्या काँग्रेसनं त्यांना पाठवलं तिचे नेते तेव्हा ब्रिटिशांच्या तुरुंगात होते.

आज्जीला मी हे सगळं कधीतरी सांगितलं होतं, माझ्या पद्धतीनं, आकड्यांसकट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जितली न्हवं ती? मग घरला का गेली न्हाईत?" मला तेव्हा उत्तर नीट देता आलं नाही. उत्तर असं आहे, की फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन या तीन मोठ्यांनी सीमा आखल्या. वळिवड्यातल्या माणसांची गावं सोव्हिएत संघात गेली आणि उरलेल्या पोलंडवर मॉस्कोची छाया पडली. ज्यांच्या बापांनी कॅसिनो चढला होता त्यांना परत जायला गावच राहिलं नाही. ८ जून १९४६ला लंडनमध्ये विजयाचं संचलन निघालं, तेव्हा कॅसिनो घेणारी ती पोलिश फौज त्यात चालली नाही. वळिवड्यातली माणसं १९४८ पर्यंत थांबली आणि मग पांगली. कितीतरी जण इंग्लंडला गेले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून एक स्तंभ आहे. सकाळी फिरायला येणारी माणसं त्याच्याजवळ चपला काढून व्यायाम करतात.

बराकी काही फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्यांत उतरली. आज्जीचे वडील पुन्हा पाटी घेऊन त्याच दारांशी जाऊ लागले, ही दुरडी घेऊन मागं. दारातल्या बायकांची भाषा बदलली होती, अंडं उन्हाकडं धरायची रीत तीच. त्या वसाहतीचं गांधीनगर झालं आणि पुढं तिथं कापडाचा मोठा बाजार उभा राहिला. आज्जीच्या लेकींच्या, सुनांच्या, नातींच्या, आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांचा बस्ता तिथंच बांधला. दुकानात गादीवर बसलं की ती मागच्या भिंतीकडं बोट दाखवायची. "हितं त्यांची शाळा हुती."